सिम बंद करायची घाई नको, काका

आपल्या इंदूरच्या सुदामा नगरमधल्या एका काकांचं पत्र आलंय. वय ६९, वीज मंडळातून रिटायर, नाव छापू नका म्हणालेत म्हणून छापत नाही. पत्र मोठं आहे, थोडं कापून देते.

"ताई, आम्ही पाच जण सकाळी फिरायला जातो, म्हणजे जायचो, दिवाळीनंतर त्यातला एक गेला. परवा सकाळी फेसबुक उघडलं तर म्हणे आज यांचा वाढदिवस, शुभेच्छा द्या. बघतो तर पंधरा-वीस जणांनी दिल्यापण होत्या, एकाने चक्क जीवेत शरदः शतम् लिहिलेलं. समोरची पोह्यांची प्लेट तशीच राहिली. तेव्हापासून डोक्यात बसलंय की माझं काय होणार. माझं एक जीमेल आहे, फेसबुक आहे, व्हॉट्सॲप, बँकेचं ॲप, म्युच्युअल फंडाचं ॲप, मोबाइलमध्ये हजारो फोटो, आणि एक यूट्यूब चॅनेल आहे, त्यावर मी पेटी वाजवतो, ३१२ सबस्क्राइबर आहेत. हिला भजन लावणं आणि व्हिडिओ कॉल उचलणं एवढंच येतं. मुलगा पुण्याला, मुलगी भोपाळला. मुलाला म्हटलं सगळं लिहून ठेवतो, तर म्हणे बाबा, सकाळी सकाळी काय अशुभ बोलताय. ही तर उठून देवघरातच गेली. एका डायरीत सगळे पासवर्ड लिहिले की झालं का? आणि एक गोष्ट कोणालाच सांगितलेली नाही. कॉलेजातल्या एका मैत्रिणीशी अकरा वर्षं माझा ईमेलवर पत्रव्यवहार आहे. वावगं काहीही नाही, पुस्तकं, गाणी, तब्येती, एवढंच. पण मी नसताना कोणी वाचलं तर काय समजतील? मी गेल्याबरोबर ते आपोआप पुसलं जाईल असं करता येतं का?"

नमस्कार काका,

डायरी हवीच, पण डायरीने अर्धंच काम होतं, आणि ते अर्धंसुद्धा बऱ्याच घरांत एका भलत्याच गोष्टीमुळे फुकट जातं. ती गोष्ट म्हणजे सिम. तुम्ही सिमबद्दल काहीच विचारलेलं नाही, म्हणूनच आधी तेच सांगते, कारण त्यात माझे स्वतःचे हात पोळलेत.

माझे बाबा गेले त्या आठवड्यात घरात माणसांची ये-जा, त्यांचा फोन शोकेसवर चार्जिंगला लावलेला. रोज सकाळी सहा दहाला तो वाजायचा, आणि स्क्रीनवर बाबांनी स्वतः टाइप केलेलं यायचं, बीपी गोळी. आम्ही गप्प करायचो, दुसऱ्या दिवशी परत. पिन कोणालाच माहीत नव्हता, त्यामुळे अलार्म काढून टाकता येईना, नुसता थांबवता यायचा. आई म्हणायची राहू दे, वाजू दे. तेराव्यानंतर फोन कपाटात गेला आणि दादाने, अगदी चांगल्या मनाने, रिचार्ज करणं थांबवलं, कशाला उगाच दर महिन्याला पैसे. सगळ्यांना बरोबरच वाटलं, मलासुद्धा. मग सहा-सात महिन्यांनी आईला आजीच्या आवाजातली एक ओवी ऐकायची होती, बाबांनी कधीतरी रेकॉर्ड करून ईमेलवर ठेवलेली. आणि पासवर्ड होता बरं का, वहीत, सुवाच्य अक्षरात, खाली रेघ मारलेला. टाकला, बरोबर निघाला, आणि पुढची पाटी आली की तुमच्या मोबाइलवर कोड पाठवलाय. आता कुठला मोबाइल आणि कुठला कोड. ती ओवी अजूनही तिथेच कुठेतरी असेल, नाहीतर नसेल. आणि साधारण वर्षभराने आईच्या व्हॉट्सॲपवर त्यांच्या नावासमोर गॉगल लावून बाइकवर बसलेला एक पोरगा दिसायला लागला, म्हणजे नंबर आता त्याला मिळालेला. त्या बिचाऱ्याचा काय दोष. आईच्या फोनमधून मी ते नाव काढलेलं नाही, फक्त चॅट आर्काइव्हला टाकलंय म्हणजे तो फोटो सारखा समोर येत नाही.

तर काका, हे असं होतं कारण आपल्याकडे सगळ्या कुलपांची एकच किल्ली असते आणि ती म्हणजे मोबाइल नंबर. बँकेचा ओटीपी तिथे, आधारचा तिथे, ईमेलचा तिथे, गॅसचं बुकिंग तिथून. प्रीपेड सिम सलग ९० दिवस वापरलंच नाही, कॉल नाही, मेसेज नाही, नेट नाही, तर कंपनी ते बंद करू शकते, आणि बंद झाल्यावर निदान ९० दिवस गेले की नंबर दुसऱ्याला देता येतो, हे ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टातच सांगितलंय. म्हणजे घरचे दुःखातून जरा सावरतात आणि कागदपत्रांना हात घालतात, नेमका तेव्हा नंबर गेलेला असतो. म्हणून डायरीच्या पहिल्या पानावर, पासवर्डच्याही आधी, मोठ्या अक्षरात लिहा की माझं सिम निदान एक वर्ष चालू ठेवा, आणि त्याआधी जमलं तर काकूंच्या नावावर करून घ्या. मृत्यूचा दाखला आणि काकूंचे केवायसीचे कागद घेऊन कंपनीच्या दुकानात गेलं की नंबर वारसाच्या नावावर होतो, आणि हेच सरळ, कारण गेलेल्या माणसाच्या नावाचं सिम दुसऱ्याने वर्षानुवर्षं वापरणं काही बरोबर नाही. पोस्टपेड असेल तर बिलाची तारीखही लिहा.

सिमच्या खालोखाल फोनचा पिन. हा एक आकडा आजच काकूंना सांगा, पुढच्या महिन्यात नाही, आज. काही लोक म्हणतात अंगठा आहे की (हे माझ्याच ऑफिसात एका गृहस्थांनी अगदी गंभीर चेहऱ्याने म्हटलेलं आहे, मी चहा बाजूला ठेवला), पण फोन एकदा बंद होऊन चालू झाला की अंगठा चालत नाही, पिनच मागतो. आणि काकूंना नुसता सांगू नका, त्यांच्या हातून चार वेळा टाकून घ्या.

खरं म्हणजे मला तुमच्यापेक्षा काकूंचीच जास्त काळजी वाटते. तुम्ही पत्रात मुलाबद्दल लिहिलंय, मुलीबद्दल लिहिलंय, पण पुण्याहून मुलगा येणार, पंधरा दिवस राहणार आणि नोकरीवर परत जाणार. त्यानंतर लाइटचं बिल कोणाच्या ॲपमधून भरलं जातं, सिलिंडर कुठल्या नंबरवरून बुक होतो, नगर निगमचा, म्हणजे महापालिकेचा, संपत्ती कर कुठल्या लॉगिनमध्ये आहे, हे सगळं काकूंच्या अंगावर येणार आणि त्यांना ते माहीतच नाही. तुमची फॅमिली पेन्शनसुद्धा त्यांनाच मागायची आहे, तर पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, एक झेरॉक्स त्याच डायरीत ठेवा. एक करा, या महिन्यापासून लाइटचं बिल काकूंच्या फोनमधून काकूंनाच भरू द्या, तुम्ही शेजारी बसा आणि हात पाठीमागे बांधून बसा. चुकलं तर चुकू दे, बिल काही पळून जात नाही.

आता डायरीत काय लिहायचं. मी दिवसभर लोकांचे रिटर्न भरते, एमजी रोडला आमचं छोटंसं ऑफिस आहे, गेलेल्या माणसाचं शेवटचं रिटर्न भरायला वारस येतात ते आमच्याकडेच, त्यांना पोर्टलवर आधी लीगल एअर, म्हणजे कायदेशीर वारस, म्हणून रजिस्टर व्हावं लागतं आणि मग रिटर्न भरता येतं. तर तिथे बसून मी जे बघितलंय त्यावरून सांगते, बँकेच्या ॲपचा पासवर्ड आणि यूपीआयचा पिन डायरीत लिहूच नका. कारण तुम्ही नसताना तुमचा पिन टाकून पैसे काढणं हे कायद्याने चालत नाही, मग काढणारा सख्खा मुलगा का असेना. आणि सख्ख्या मुलाने चांगल्या मनाने दवाखान्याचं बिल भरायला काढलेले पैसेसुद्धा दोन वर्षांनी भावा-बहिणीत कसे उकरले जातात ते मी माझ्या टेबलासमोर बघितलंय, एक जण पासबुकावर बोट ठेवून विचारतोय की ही १४ तारखेची एन्ट्री कोणाची, बाबा तर १२ ला गेले. बँकेत पासवर्ड उपयोगाचा नाही, नॉमिनी उपयोगाचा. खातं काकूंबरोबर जॉइंट आणि आयदर ऑर सर्व्हायव्हर (दोघांपैकी कोणीही, किंवा मागे राहील त्याने चालवायचं) असेल तर त्यांना फारसा त्रास होत नाही. नसेल तर या आठवड्यात ब्रांचमध्ये जाऊन नॉमिनी कोण लिहिलाय ते बघून या, कारण अर्ध्या लोकांनी तो लग्नाआधी आईच्या नावाने टाकलेला असतो आणि तसाच असतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवींना चार नॉमिनीपर्यंत देता येतात, कोणाला किती टक्के तेही लिहिता येतं. फक्त एक लक्षात ठेवा, नॉमिनी म्हणजे बँकेकडून पैसे घेणारा माणूस, मालक नाही, मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात लिहिलेल्याची. यावरून घरं फुटलीत म्हणून सांगते.

म्युच्युअल फंडाचंही तेच, नॉमिनी तपासा आणि डायरीत फक्त फोलिओ नंबर, म्हणजे फंडातला तुमचा खाते नंबर, लिहा. काय आहे आणि कुठे आहे, एवढं लिहिलं तरी पुरे. कारण जे घरच्यांना माहीतच नसतं ते पैसे नुसते पडून राहतात, दहा वर्षं कोणी हात लावला नाही की बँक ते रिझर्व्ह बँकेच्या फंडात जमा करते. बुडत नाहीत, मागता येतात, आणि शोधायला रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये उद्गम नावाचं पोर्टल काढलंय, पण कशाला ती वेळ आणायची. जाता जाता हेही सांगते, की तुमच्या मित्राच्या घरच्यांना त्या पोर्टलवर त्यांचं नाव टाकून बघायला सांगा, काही निघालं तर निघालं.

आता जीमेल. यात तुमच्या चारही चिंता एकाच जागी आहेत, मेल, फोटो, चॅनेल आणि ती पत्रं, म्हणून जरा नीट वाचा, वाटल्यास दोनदा.

गुगलने २०१३ पासून एक सोय दिली आहे, इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर. अकाउंटच्या सेटिंगमध्ये डेटा अँड प्रायव्हसीत खाली गेलात की डिजिटल लेगसीचा प्लॅन बनवा असं काहीतरी दिसेल, तेच ते. तिथे तुम्ही सांगायचं की मी इतके महिने दिसलो नाही तर समजा, ३, ६, १२ किंवा १८ महिने. मग दहा जणांपर्यंत नावं देता येतात, आणि यातली खरी गंमत अशी की प्रत्येकाला काय द्यायचं ते वेगवेगळं निवडता येतं. मुलीला फोटो, मुलाला ड्राइव्हमधले कागद, आणि मेल कोणालाच नाही, असं चालतं. मुदत संपायच्या आधी गुगल तुम्हालाच मेसेज करून विचारतं की आहात ना, म्हणजे तुम्ही नर्मदा परिक्रमेला गेलात म्हणून लगेच कोणी तुमचे फोटो वाटून टाकणार नाही. आणि वेळ आली की त्या माणसाला मेल जातो, त्याच्या मोबाइलवर कोड येतो, आणि मग तीन महिन्यांत सगळं डाउनलोड करून घ्यायचं. म्हणून नाव अशा माणसाचं द्या जो मेल उघडून बघतो. तुमच्या घरात ती मुलगी दिसतेय.

पण दोन खाचखळगे आहेत. पहिला असा, की तुम्ही दिसताय की नाही हे गुगल कशावरून ठरवतं, तर लॉगिन, जीमेलचा वापर आणि अँड्रॉइड फोन गुगलशी संपर्कात आहे का यावरून. आता समजा तुमच्यानंतर काकूंनी तुमचाच मोठ्या स्क्रीनचा फोन घेतला आणि रोज सकाळी त्यावर भजनं लावली, तर गुगलच्या हिशोबाने तुम्ही रोज सकाळी भजन ऐकताय. ते अठरा महिने कधी संपणारच नाहीत. त्यामुळे मुलीला सांगून ठेवा की कागदपत्रांचं सगळं उरकल्यावर फोनमधून माझं अकाउंट काढायचं आणि काकूंचं टाकायचं. आणि याच्या उलट बाजू अशी, की अकाउंट दोन वर्षं कोणीच उघडलं नाही तर गुगल ते काढून टाकू शकतं, हा नियम २०२३ चा आहे, त्यात फोटोसुद्धा जातात.

दुसरा खळगा तुमच्या प्रश्नाचाच आहे. होय, मी गेल्यावर अकाउंट पुसून टाका असं तिथे सांगता येतं. पण ते अख्खं अकाउंट जातं काका, नुसती पत्रं नाही. त्याबरोबर तुमचं चॅनेलही जाईल, पेटी गेली, ३१२ जण गेले. आणि गेल्याबरोबर तर मुळीच होत नाही, कमीत कमी तीन महिने ते तसंच पडून राहतं, आणि फोन घरात, पिन काकूंना माहीत, जीमेल फोनमध्ये उघडं. म्हणजे जे लपवायचं ते सगळ्यात आधी दिसणार, मशीनवर सोडून हे काम होत नाही.

म्हणून मी असं म्हणेन की पुसून टाका वालं बटण दाबू नका, अकाउंट राहू द्या, आणि पत्रांचं तुम्ही स्वतः, जिवंतपणी, एका दुपारी बसून बघा. सर्चमध्ये त्या बाईंचं नाव टाकलंत की अकरा वर्षांची सगळी समोर येतील. जी जपायची वाटतात ती प्रिंट काढा नाहीतर दुसरं जीमेल उघडून तिकडे फॉरवर्ड करा, आणि त्या नव्या अकाउंटला मात्र इनॅक्टिव्ह मॅनेजरमध्ये खुशाल पुसून टाका लावा, ते फोनमध्ये टाकू नका, फक्त कॉम्प्युटरवर उघडत जा, आणि अधूनमधून उघडा, नाहीतर तुम्ही असतानाच ते पुसलं जाईल. जुन्यातली डिलीट केलीत तर ट्रॅशही रिकामा करा, तिथे तीस दिवस पडून असतात.

आणि आता सल्ला मागितला नाहीत तरी देते, सदर माझं आहे. मी तुमच्या जागी असते तर काकूंना सांगितलं असतं. सगळं वाचून दाखवायचं नाही हो, नुसतं एवढंच, की ती अमुक कॉलेजात होती ना, तिचे मेल येतात अधूनमधून, परवा तिने अमुक राग ऐकायला सांगितला. अकरा वर्षं पुस्तकं आणि गाण्यांवर बोलणाऱ्या माणसाला एक वाक्य जड जाऊ नये. काकूंना कदाचित माहीत असेलही, बायकांना बऱ्याच गोष्टी माहीत असतात आणि त्या देवघरात जाऊन बसतात. आणि त्या मैत्रिणीचाही विचार करा ना, तुमच्याकडून मेल यायचे थांबले तर तिला कोण कळवणार? तिचा पत्ता डायरीत एका ओळीत लिहून ठेवा, हिला कळवणे. सांगायचं की नाही ते शेवटी तुमचं तुम्ही ठरवा.

चॅनेलचं सोपं आहे, यूट्यूब स्टुडिओत सेटिंग्जमध्ये परमिशन्स म्हणून आहे, तिथून मुलीला मॅनेजर करा, पासवर्ड न देता ती व्हिडिओ चढवू शकते, कमेंटना उत्तर देऊ शकते. मालक तुमचंच अकाउंट राहतं म्हणून ते पुसू नका म्हणतेय. आणि पेटीच्या ओरिजिनल फाइली एका पेनड्राइव्हवर घेऊन काकूंच्या कपाटात ठेवा, माझ्या आजीच्या ओवीनंतर माझा विश्वास कपाटावरच जास्त आहे.

अजून एक कागद डायरीत लावा. जीमेलच्या टू स्टेप व्हेरिफिकेशनमध्ये बॅकअप कोड मिळतात, एका वेळी दहा, प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते प्रिंट काढून ठेवले की सिम हरवलं तरी आत जाता येतं. आमच्याकडे हा एक कागद असता तर आई ओवी ऐकत असती.

फेसबुकवर, तुमचं ज्यावरून सुरू झालं त्यावर येते. तिथे लेगसी कॉन्टॅक्ट नेमता येतो, म्हणजे तुमच्यानंतर तुमच्या पानाकडे बघणारा. अकाउंट मेमोरियलाइझ झालं, म्हणजे हा माणूस आता नाही अशी फेसबुकने नोंद केली, की नावाजवळ रिमेंबरिंग असं येतं, वाढदिवसाची आठवण जाणं बंद होतं, आणि मग कोणी, पासवर्ड माहीत असला तरी, लॉगिन करू शकत नाही. लेगसी कॉन्टॅक्टला वर एखादी पोस्ट लावता येते, फोटो बदलता येतो, हवं तर पान काढून टाका म्हणून सांगता येतं, पण तुमचे मेसेज त्याला वाचता येत नाहीत. हे नको असेल तर मी गेल्यावर पानच काढून टाका असंही आत्ताच निवडून ठेवता येतं. तुमच्या मित्राचं कोणी केलेलं दिसत नाही. त्यांच्या घरच्यांना सांगा की फेसबुकला फॉर्म भरून दाखल्याचा फोटो पाठवायचा, पुढच्या वाढदिवसाला वेळ आहे तोवर होऊन जाईल. फक्त आधी त्यांच्या पानावरून काही फोटो हवे असतील तर उतरवून घ्या म्हणावं.

व्हॉट्सॲपमध्ये वारस वगैरे काही नाही. १२० दिवस वापर नाही झाला की अकाउंट जातं, आणि चॅट फोनमध्ये असतात तेवढेच. तुमच्या फिरायच्या ग्रुपवरचे फोटो कोणाला हवे असतील तर ते फोनमधूनच काढावे लागतील, म्हणजे परत पिन. मुलगा आयफोनवाला असेल (पुण्याला आहे म्हणजे असेलच, चिडू नका) तर त्यालाही सांगा, ॲपलमध्ये २०२१ पासून लेगसी कॉन्टॅक्ट आहे, पाच जणांपर्यंत, त्यांना एक ॲक्सेस की, म्हणजे किल्लीसारखा कोड, मिळते आणि ती आणि मृत्यूचा दाखला दोन्ही असेल तरच ॲपल दार उघडतं. दाखला सगळीकडेच लागतो, निगममधून काढताना दहा-बारा कॉपी काढायला सांगा, मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते.

मृत्युपत्र करणार असाल तर ते कागदावरच. ईमेलवर, पीडीएफवर, डिजिटल सहीने केलेलं चालत नाही, माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मध्येच मृत्युपत्र त्यातून बाहेर ठेवलंय. साध्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहा, स्टँप पेपर लागत नाही, खाली सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या, साक्षीदार असे घ्या ज्यांना त्यातून काही मिळणार नाही, तुमच्या ग्रुपमधले दोघे चालतील. त्यात पासवर्ड लिहू नका, कारण ते पुढे दहा जणांच्या हातातून जातं. फक्त लिहा की डायरी अमुक ठिकाणी आहे आणि ऑनलाइन अकाउंटचं अमुक व्यक्तीने बघावं. २०२३ च्या डेटा संरक्षणाच्या कायद्यातही, कलम १४ मध्ये, आपल्या माणसाला नॉमिनी करून ठेवायचा हक्क दिलाय, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेत आणि टप्प्याटप्प्याने लागू होतायत, तर पुढेमागे प्रत्येक ॲप तुम्हाला हे विचारायला लागेल. तोवर आपली डायरी.

डायरीत फेसबुक, जीमेल, फोन यांचे पासवर्ड लिहायला माझी हरकत नाही, पण उघड्यावर नको, बंद पाकिटात घालून तोंडावर सही करा आणि लॉकरमध्ये टाकू नका. लॉकर उघडायलाच पुढे कागद लागतात, हे लोकांना फार उशिरा लक्षात येतं. दर सहा महिन्यांनी तारीख टाकून बदललेलं लिहा. आपल्याकडे निगमची गाडी आली की आपण सहा डब्यांत कचरा वेगळा करून देतो ना, अख्ख्या देशात नाव काढलं, मग प्रत्येक अकाउंटसमोर एक शब्द लिहायला कितीसा वेळ लागतो, द्या, ठेवा नाहीतर पुसा.

आणि मुलाचं. त्याच्यावर रागावू नका, त्याला तुम्ही नसण्याची कल्पना सहन होत नाही म्हणून तो अशुभ म्हणतोय. त्याच्यासमोर मी गेल्यावर हे शब्दच काढू नका. त्याला म्हणा, रंगपंचमीला गेर, ती रंगांची मिरवणूक, बघायला राजवाड्यावर गेलो आणि गर्दीत खिशातला मोबाइल गेला तर मी काय करू? बँकेला कोण कळवणार, सिम कोण बंद करून नवं घेणार, जीमेल कसं उघडायचं? बघा तो कसा लगेच बसून सगळं करून देतो, बॅकअप कोड काढून देईल, नॉमिनी तपासेल, वर तुम्हालाच लेक्चर देईल की बाबा, हे आधीच करायला हवं होतं. ऐकून घ्या. तयारी तीच आहे. आणि फोन चोरीला जाणं काय, दवाखान्यात पंधरा दिवस पडून राहणं काय, त्यातही हीच डायरी लागते, दरवेळी मरावंच लागतं असं नाही. काकूंनाही याच वाटेने न्या, त्या देवघरात जाणार नाहीत. यासाठी रविवार धरा, पोहे-जलेबी आणा, वरून जीरावण मसाला जास्त टाका, तोंडं चालू असली की माणसं पिन सांगतात.

मग त्या दिवशीच संध्याकाळी फोन बंद करून काकूंच्या हातात द्या आणि उघडून दाखव म्हणा. उघडला तर निम्म्याहून जास्त झालं समजा.

तेवढं चॅनेलचं नाव लिहायला विसरलात काका. कळवा, म्हणजे ३१३ होतील.